मी इतरांसारखाच आहे



'क' वर्षाच्या सामान्य काळातील तिसाव्या रविवारी आपण परूशी आणि जकातदार यांचा दाखला ऐकतो (लूक १८:९-१४). दाखला इतका ओळखीचा आहे, की फादरांनी वाचायला सुरुवात केली की पुढचे वाक्य आपल्या ओठांवर येते. परूशी वाईट, जकातदार चांगला, आपण जकातदारासारखे व्हावे, असे मनाशी ठरवून आपण खाली बसतो. मग मिस्सा संपते आणि आपण बाहेर पडतो.

बाहेर काय दिसते? चर्चच्या गेटसमोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपल्याच गाड्या लागलेल्या असतात. कुणाची अर्धी गाडी रस्त्यात, कारण 'तासाभराचाच तर प्रश्न!' समोरून आलेली बस अडकून पडलेली असते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमलेला असतो आणि बसमधले प्रवासी खिडकीतून चर्चकडे पाहत असतात. त्या घटकेला त्यांच्या मनात ख्रिस्ती माणसाचे काय चित्र उमटत असेल?

ज्याने गाडी तशी लावली तो दुष्ट माणूस नाही. कदाचित तो गायनमंडळात गात असेल, आजाऱ्यांना भेटायला जात असेल. गाडी लावताना तो मनात एवढेच म्हणाला असेल, की नियम बरोबर आहे, पण आज माझी गोष्ट वेगळी आहे. बंधुभगिनींनो, परूशाची प्रार्थना नेमकी हीच आहे. आठवड्यातून दोन वेळा उपास करणे आणि उत्पन्नाचा दशांश देणे यात काहीच वाईट नाही. आपल्यापैकी किती जण ते करतात? त्याचा दोष एका विचारात आहे : मी इतरांसारखा नाही. जकातदाराने आपल्या बाजूने एकही सबब सांगितली नाही. त्याने स्वतःला पापी माणसांच्या रांगेत उभे केले आणि तिथून देवाला हाक मारली.

नम्रता हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. हळू बोलणारा, हात जोडणारा, 'मी काय, साधा माणूस' म्हणणारा तो नम्र, असा आपला समज आहे. पण असा माणूस रेशनच्या दुकानात किंवा दवाखान्यात ओळख काढून पुढे जाऊ शकतो. जमिनीच्या व्यवहारात 'एवढे चेकने आणि एवढे रोख' असे तोही तितक्याच हळू आवाजात सांगू शकतो. नम्रतेची पारख आवाजावरून होत नाही. जो नियम सर्वांना आहे तो मलाही आहे, आणि रस्त्यावर, पाण्यावर, सरकारी अधिकाऱ्याच्या वेळेवर माझ्याइतकाच दुसऱ्याचाही वाटा आहे, हे मी मान्य करतो की नाही, यावरून ती होते.

प्रभू येशूचे जीवन या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. त्याचा जन्मच एका सरकारी नोंदणीच्या धावपळीत झाला. कैसर औगुस्ताचे फर्मान निघाले आणि योसेफ गरोदर मरियेला घेऊन नाव नोंदवायला बेथलेहेमला गेला (लूक २:१-५). परक्या सत्तेचा हुकूम, अवघडलेली पत्नी आणि नासरेथहून लांबचा प्रवास. न जाण्यासाठी यापेक्षा मोठी सबब कोणती हवी? मतदार यादीत नाव घालण्यासाठी नमुना ६ चा अर्ज भरायचा कंटाळा करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही गोष्ट नाताळच्या गव्हाणीसमोर उभे राहून जरूर सांगावी.

पुढे यार्देन नदीवर लोक पापांची कबुली देऊन योहानाकडून बाप्तिस्मा घेत होते. ज्याच्यापाशी पाप नव्हते तोही त्या लोकांमध्ये जाऊन उभा राहिला. योहान संकोचला, त्याला थांबवू लागला, पण येशूने ऐकले नाही (मत्तय ३:१३-१५).

तिसरा प्रसंग मात्र आपण सहसा लक्ष देऊन वाचत नाही, म्हणून तो जरा सविस्तर पाहू. कफर्णहूममध्ये मंदिराचा कर गोळा करणारे पेत्राला गाठतात आणि विचारतात, तुमचे गुरुजी कर भरत नाहीत का? (मत्तय १७:२४-२७). हा कर रोमी सरकारचा नव्हता. यरुशलेमच्या मंदिराच्या खर्चासाठी वीस वर्षे व त्यावरील प्रत्येक यहुदी पुरुषाने वर्षाला दोन द्राख्मा द्यायचे असत. मजुराची साधारण दोन दिवसांची कमाई झाली. या कराचे मूळ निर्गमाच्या ग्रंथात आहे (३०:११-१६). तिथे लोकांच्या मोजणीच्या वेळी प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यावा असे सांगताना एक अट घातली आहे : श्रीमंताने त्याहून जास्त देऊ नये आणि गरिबाने त्याहून कमी देऊ नये. देवापुढे डोकी मोजली जातात तेव्हा सगळी सारखीच.

पेत्र घाईघाईने 'हो, भरतात' म्हणून मोकळा होतो. तो घरात येतो तेव्हा त्याने तोंड उघडण्याआधीच येशू त्याला विचारतो, की पृथ्वीवरचे राजे कर कोणाकडून घेतात, आपल्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, असे पेत्र म्हणतो. म्हणजे मुले मोकळी! येशूचा मुद्दा बिनतोड आहे. मंदिर त्याच्या पित्याचे होते, त्याला कर लागूच नव्हता. सूट मागण्याचा खराखुरा अधिकार ज्याच्याकडे होता त्याने ती घेतली नाही. का? तर त्या लोकांना अडखळण व्हायला नको म्हणून. तो पेत्राला समुद्रावर पाठवतो, पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडेल असे सांगतो आणि ते नाणे माझ्यासाठी व तुझ्यासाठी दे, म्हणतो. ते चार द्राख्मांचे नाणे होते, दोघांच्या करापुरते. देवाचा पुत्र आणि कफर्णहूमचा कोळी, दोघांचा कर एकाच नाण्यात भरला गेला.

हा प्रसंग चार शुभवर्तमानांपैकी एकट्या मत्तयानेच नोंदवला आहे. मत्तय स्वतः जकात नाक्यावर बसलेला माणूस. कर चुकवताना माणसे किती तऱ्हेची कारणे सांगतात ते त्याने उभ्या आयुष्यात भरपूर ऐकले असेल. ज्याच्यापाशी खरे कारण होते आणि तरीही ज्याने पैसे भरले, असा माणूस त्याच्या कायमचा लक्षात राहिला यात नवल नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण याच वाटेने जाते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद ३०) एक वेगळाच उल्लेख आहे. न्याय्य कर फसवून चुकवणाऱ्यांना तर त्यात दोष दिला आहेच, पण आरोग्याचे नियम आणि वाहनांच्या वेगाची मर्यादा धाब्यावर बसवणाऱ्यांनाही दिला आहे. जगभरच्या महागुरूंनी रोममध्ये बसून गाडीच्या वेगाचा विचार केला, हे वाचून मला प्रथम हसू आले. पुढचे वाचल्यावर हसू गेले. अशा बेपर्वाईने आपण स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो, असे कारण तिथे दिले आहे. हेल्मेट न घालता मुलाला पुढे बसवून मिस्साला येणाऱ्या बापाने ते वाचावे.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात कर भरणे आणि मतदान करणे ही नैतिक बंधने म्हणून सांगितली आहेत (परिच्छेद २२४०). त्याच ग्रंथात सातव्या आज्ञेखाली, म्हणजे 'चोरी करू नको' या आज्ञेखाली, करचुकवेगिरी, वाईट तऱ्हेने केलेले काम, खोटी बिले आणि सार्वजनिक मालमत्तेचे जाणूनबुजून केलेले नुकसान यांची नावे घेतली आहेत (परिच्छेद २४०९). आपल्या पापनिवेदनात यांपैकी किती गोष्टी येतात? मिस्सा चुकली, रागावलो, खोटे बोललो, हे आपण सांगतो. ऑफिसात आठ तासांचा पगार घेऊन पाच तास काम केले, पावती नको म्हणून दुकानदाराकडून पैसे कमी करून घेतले, हे पाप आहे असे आपल्याला वाटतच नाही. ते व्यवहारचातुर्य वाटते. आपल्या देशाच्या घटनेतही १९७६ मध्ये कलम ५१-क घालून नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली गेली. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण आणि वने, सरोवरे, नद्या यांचे जतन ही त्यांत आहेत. ख्रिस्ती माणसाला ती नवीन वाटू नयेत.

इथे कुणी विचारील, की हे सगळे साध्या माणसाला ठीक, पण अधिकाराच्या जागी बसल्यावर असे जमते का? त्यासाठी संत थॉमस मोर यांच्याकडे पाहावे. ते १५२९ ते १५३२ या काळात इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर होते. राजानंतर राज्यातले सर्वांत मोठे न्यायासन त्यांच्याकडे होते. त्यांचे जावई विल्यम रोपर यांनी त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. मोर यांचे वृद्ध वडीलही न्यायाधीश होते. चॅन्सलर झालेला हा मुलगा आपल्या न्यायालयात जाताना वाटेत वडिलांच्या न्यायालयात थांबे आणि सर्वांसमक्ष गुडघे टेकून त्यांचा आशीर्वाद घेई. चेल्सीच्या चर्चमध्ये ते झगा घालून गायनमंडळात गात. एकदा नॉरफॉकचा ड्यूक त्यांना भेटायला आला तेव्हा ते असेच गात होते. चॅन्सलरने असे करणे म्हणजे राजाच्या पदाचा अपमान, असे ड्यूकला वाटले. देवाची सेवा केल्याने राजा रागावणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

पण मला त्यांच्या दोन वेगळ्याच गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. त्यांच्या दुसऱ्या एका जावयाचा दावा त्यांच्यापुढे आला. सासरे न्यायाधीश आहेत, मग कशाला तडजोड करायची, अशा भरवशावर जावई अडून बसला. मोर यांनी निकाल सरळ त्याच्याविरुद्ध दिला. त्या वर्षीच्या नाताळात घरची जेवणे कशी झाली असतील याची कल्पना आपण करू शकतो! दुसरी गोष्ट एका श्रीमंत विधवेची. तिचा न्याय्य दावा तिच्या बाजूने लागला होता. नवीन वर्षाची भेट म्हणून तिने हातमोजे पाठवले आणि त्यांत सोन्याची नाणी भरली. मोर यांनी हातमोजे ठेवून घेतले आणि नाणी परत केली. भेट परत पाठवून त्यांनी बाईचा अपमान केला नाही, आणि तिच्याकडून लाचही घेतली नाही. आपल्याकडे दिवाळी-नाताळला मिठाईच्या खोक्यातून काय काय जाते-येते ते जाणणाऱ्याला या हातमोज्यांचे वजन कळेल.

पुढे राजाने मागितलेली शपथ घेणे सद्‍विवेकाला मान्य नव्हते म्हणून त्यांनी नकार दिला आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांनी सत्तेला 'नाही' म्हटले, पण त्या नकारात स्वतःची सोय कुठेच नव्हती, आणि शिक्षाही त्यांनी टाळली नाही. २००० साली पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राज्यकर्ते आणि राजकारणी लोकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पाखंडी ठरवलेल्या लोकांशी ते कठोरपणे वागले असा ठपका इतिहासकार त्यांच्यावर ठेवतात आणि तो खोटा नाही. संतांनाही जकातदाराच्या शेजारी उभे राहूनच क्षमा मागावी लागते.

नम्रतेच्या नावाखाली एक पळवाटही काढली जाते, तिचाही विचार करायला हवा. 'आपण साधी माणसे, आपल्याला काय कळते, मोठे लोक बघतील' असे म्हणून आपण ग्रामसभेला जात नाही, प्रभागाच्या बैठकीला जात नाही, मतदानाच्या सुट्टीत रिसॉर्टवर जातो. ही नम्रता नव्हे. आपल्याला सोपवलेली तलंत जमिनीत पुरून ठेवणाऱ्या नोकराचीही अशीच सबब होती (मत्तय २५:२४-२५). आणि याच्या उलट जो सगळे नियम पाळतो, ओला-सुका कचरा वेगळा करतो, पट्टी वेळेवर भरतो, त्याच्याही दाराशी परूशी येऊन बसतो. 'हे बाहेरून आलेले लोक बघा, यांना शिस्तच नाही. आम्ही तसे नाही.' वसईत हे वाक्य मी चर्चच्या आवारात ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर मीही म्हटले आहे.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचा परिसर पाण्याखाली गेला. रेल्वे बंद पडली, मिठागरांत राहणारी माणसे अडकून पडली. तेव्हा आपण सर्वांनी बोटे दाखवली : बिल्डरांकडे, पालिकेकडे, नाले अडवणाऱ्यांकडे. बोटे चुकीच्या दिशेला होती असे मी म्हणत नाही. वसईची हिरवाई वाचावी म्हणून दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी रस्त्यावर उतरले ते उगीच नाही. पण ज्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या ती शेते विकली कोणी? आणि आपल्या वाड्यांतली बावखले कुठे गेली? पावसाचे पाणी पोटात घेऊन ते जमिनीत मुरवणारी, पानवेलीला आणि केळींना उन्हाळाभर पुरणारी ही गोड्या पाण्याची तळी आपल्या पूर्वजांनी खणली होती. ती बुजवायला प्रत्येक वेळी बाहेरचा माणूस आला नव्हता. एखादी खोली वाढवायची होती, गाडी उभी करायला जागा हवी होती. माझ्या एकट्याच्या भरावाने काय होणार आहे?

मी हे अधिकाराने बोलू शकतो, कारण मी तो भराव केला आहे. घराची दुरुस्ती काढली तेव्हा अंगण दीड फूट उचलून घेतले. पावसात ओटीपर्यंत पाणी येत असे, ते बंद व्हावे एवढाच हेतू होता. परवानगी लागते का ते विचारले नाही, शेजारी विचारायला गेलो नाही. पुढच्या पावसाळ्यात माझे घर कोरडे राहिले आणि मी देवाचे आभार मानले.

शेजारी एक मावशी एकट्या राहतात. दोन वर्षांनी नाताळचा फराळ द्यायला त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत गेलो, तर कपाटाच्या चारही पायांखाली विटा दिसल्या. डिसेंबर महिना होता, अंगण खडखडीत वाळलेले. मी विचारले, "मावशी, या विटा कशाला?" त्या म्हणाल्या, "पावसात लागतात रे. दरवर्षी काढायच्या, पुन्हा घालायच्या, त्यापेक्षा राहू दे म्हटलं." पाणी कोणाच्या बाजूने येते हे त्यांनी सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. आमच्या दोन्ही घरांमधली जमीन माझ्या बाजूने उंच होती, ती मला खिडकीतून दिसत होती.

त्या आठवड्यात पापनिवेदनाला गेलो तेव्हा हे सांगितले. फादरांनी एकच प्रश्न विचारला, "त्यांच्याशी बोललात का?" मी बोललो नव्हतो. देवाकडे क्षमा मागणे मला सोपे गेले होते. तिथे अंधार असतो आणि मध्ये जाळी असते. मावशींच्या दारात उभे राहून "माझं चुकलं" म्हणायला मला आणखी तीन आठवडे लागले. परूशी-जकातदाराच्या दाखल्यानंतर पुढच्याच रविवारी आपण जक्कयाची गोष्ट ऐकतो (लूक १९:१-१०). तोही जकातदारच. त्याने छाती बडवून घेतली नाही, लुबाडलेले चौपट परत करण्याचा हिशेब मांडला. हे दोन रविवार एकापाठोपाठ का येतात ते मला त्या वर्षी कळले.

उन्हाळ्यात मी माझ्या कुंपणाच्या आतून, मागच्या बाजूपर्यंत गटार खणून घेतले. त्यात माझी हातभर रुंद जागा आणि दोन सुपारीची झाडे गेली. मागे आमचे जुने बावखल अर्धे बुजलेले होते. ते भावाच्या आणि माझ्या मालकीचे. तो आधी नाही म्हणाला, मग घरी येऊन सगळे पाहून गेला आणि गाळ काढायला तयार झाला. आता गल्लीचे पाणी तिथे जाते.

पुढच्या नाताळला फराळ घेऊन गेलो, तर कपाटाखाली विटा तशाच होत्या. "मावशी, या पावसात पाणी आलं का?" मी विचारले.

"नाही आलं," त्या म्हणाल्या. "पण अजून एक पावसाळा बघते, मग काढते."